मसुरीत भेटलेली कामठीची मुलगी

गेल्या उन्हाळ्यात मी आईला घेऊन मसुरीला गेले. आईचा जन्म आमच्या नागपूरकडच्या गोरेगावजवळ, भाताच्या बांध्यांमध्ये धान रोवण्यात गेलेला. एवढे डोंगर ती पहिल्यांदाच पाहत होती, पण तिला जास्त नवल वाटत होतं ते साहेबांच्या जुन्या वस्तीचं. देवदारांखाली इंग्रजांचं कबरस्तान दिसलं तशी ती थांबली आणि म्हणाली, “चाल, आत जाऊन पाहू.”

म्हाताऱ्या चौकीदाराने फाटक उघडून दिलं. आई एकेका दगडावर बोट ठेवून विचारायची, “याच्यावर का लिवलं हाये?” आणि मी वाचून सांगायची. एका लहानशा कबरीपाशी मात्र मी अडखळले. ती सहा वर्षांच्या मुलीची होती आणि तिचा जन्म कामठीचा होता.

“आपली नागपूरजवळची कामठी?”

“तीच. तिथं गोऱ्यांची छावणी होती.”

“मंग हे पोरगी एवढ्या दूर काऊन आली असन?”

मग आईने तेच चौकीदाराला हिंदीत विचारलं. तो म्हणाला, “गरमी से बचाने लाते थे, माताजी. बीमार बच्चों को भी.”

आमच्याकडचा मे महिना आईला समजावून सांगायची गरज नव्हती. ती खाली बसली. पदराने दगडावरचं शेवाळ पुसत तिने हळूच विचारलं, “इथं आल्यावर बरं वाटलं का वं माय?”

मग फाटकापर्यंतचे सगळे दगड तिने मला वाचायला लावले. कामठीचं दुसरं कोणी सापडलं नाही.