आधी पाठ टेकायची

मेढ्याच्या शाळेत शिवांजली मॅडमचा ज्युदोचा वर्ग सुरू झाला, की पहिल्या महिन्यात एखादा तरी बाप तणतणत येतोच. परवा आले ते मिलिटरीतून रिटायर झालेले होते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, पोरीला लढाय शिकवा म्हणून घातलीया. घरी येऊन म्हणती, आज पडले, उद्याबी पडणार हाय. पडाय कशाला शिकवाय पायजे? ते आईच्या पोटातनंच येतंय की."

मॅडमनी त्यांना चहा पाजला, आणखी पंधरा दिवस मागून घेतले आणि हसून वाटेला लावलं. असल्या बापांचा त्यांना राग येत नाही. कधीकाळी त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता, तोही पाय आपटत आणि नाक पुसत.

शिवांजलीचं गाव विट्याच्या पुढं, खानापूर तालुक्यात. या भागातला माणूस देशात कुठंही भेटतो, आणि भेटला की हमखास भट्टीपुढं बसलेला असतो. जुनं सोनं वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा यांचा गलाईचा धंदा. कुणी कोचीनला गेला, कुणी अमृतसरला. शिवांजलीचा बाप मानसिंग देशाची वेसच ओलांडून काठमांडूच्या सोनारगल्लीत जाऊन बसला. वर्षभर ॲसिडचा धूर खायचा आणि चैतात इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गावच्या जत्रेला यायचं, हा या लोकांचा नेम. जत्रेला न आलेला गलाईवाला एक तर आजारी असतो नाही तर बायकोशी भांडलेला, असं गावात म्हणतात.

पोर वाढली काठमांडूत. तिथल्या शाळेत मुलं तिला 'धोती' म्हणून चिडवायची, कारण ती हिंदुस्थानातली. जत्रेला गावी आली की इथली मुलं 'बहादूर' म्हणायची, कारण बोलता बोलता तिच्या तोंडून एखादा नेपाळी शब्द निसटायचा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. शिवांजली हे तिचं नाव दोन्हीकडं फक्त हजेरीपुरतं उरलं होतं.

त्यातही तिकडचं चिडवणं तोंडापुरतं होतं. गावाकडं नाथाजी पैलवानाची साक्षी होती. शिवांजलीएवढीच, पण हाडापेरानं दांडगी आणि बापाच्या तालमीत वाढलेली. एका जत्रेत तिनं चार पोरी जमवून शिवांजलीला तालमीत नेलं आणि "बोल की बहादूर, नेपाळीत बोल" म्हणत ढकललं. शिवांजलीचं डोकं कुस्तीच्या हौद्याच्या दगडी काठावर आपटलं. वर तोंडात लाल माती कोंबली ती वेगळीच. घरी तिनं पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. मार खाणारं पोर खोटं बोलायला फार लवकर शिकतं.

काठमांडूला परतल्यावर मानसिंगनं जाहीर केलं, "येत्या जत्रेला गेल्याव तू तिकडंच राह्यचं. सुलाकाकीजवळ. शाळा मराठीतनं झाली पायजे."

म्हणजे साक्षीच्या गावात, साक्षीच्या शाळेत आणि साक्षीच्याच वर्गात. दुकानाच्या पायरीवर शिवांजली गुडघ्यात मान घालून बसायची, आणि कुणी नुसता हात वर केला तरी दचकायची.

हे दचकणं पाहिलं ज्ञानकाजी शाक्य या म्हाताऱ्यानं. ते मूळचे सोनार, चांदीचा कीस घेऊन मानसिंगकडं यायचे. तरुणपणी ज्युदो शिकले आणि पुढं सबंध आयुष्य शाळांतून शिकवत राहिले. एका कानानं बहिरे, खिशात कायम कोरडे पोहे, ते चघळत कबुतरांशी भांडायचे. गल्लीतली सगळी पोरं त्यांना 'बाजे' म्हणायची, म्हणजे आजोबा. ते मानसिंगला म्हणाले, "ही पोर संध्याकाळी माझ्या अंगणात पाठव."

शिवांजली उड्या मारत गेली. तिला एकच हवं होतं. साक्षीच्या नाकावर बसेल असा एक ठोसा, जत्रेच्या आत.

बाजेंनी अंगणात भाताच्या काडाची जाड चटई टाकली आणि म्हणाले, "पड."

हनुवटी छातीला टेकव, पाठ गोल कर, पाठ टेकताना तळहात जमिनीवर सपकन मार, म्हणजे डोकं आपटत नाही. एवढंच. ती पडली, की ते म्हणायचे "ऊठ", ती उठली की म्हणायचे "फेरि". फेरि म्हणजे परत. पावसाळा सरला, दसरा झाला, थंडीत चटई बर्फासारखी गार पडायला लागली, तरी म्हाताऱ्याचं आपलं फेरि चालूच. एक दिवस ती रडकुंडीला आली आणि पाय आपटून म्हणाली, "मला मारायला शिकायचंय. पडायला तर मला येतंच. मला सगळे पाडतातच."

बाजेंनी पोह्यांचा बकाणा भरला. म्हणाले, "तुला मार लागतो म्हणून तू भीत नाहीस. पडशील म्हणून भितेस. ती भीती गेली की पुढचं बघू."

पुढचं बघायच्या आतच चैत आला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं, असं मनात म्हणत शिवांजली गाडीत बसली. निरोप घेताना ती बाजेंच्या पायाही पडली नाही. हे तिला पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिलं.

जत्रेच्या मैदानात मोठ्या कुस्त्यांच्या आधी पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांच्या बक्षिसावरच्या. त्या वर्षी पोरींच्याही लावल्या. साक्षी मैदानात उतरली, तिनं गर्दीवरून नजर फिरवली आणि नेमकं बोट दाखवलं. "मला ती बहादूर पायजे."

गर्दीला काय, आयताच तमाशा. कुणीतरी शिवांजलीला पुढं ढकललं. मानसिंग पंचांशेजारी बसला होता. चार माणसांत नाही म्हणणं त्याच्या पांढऱ्या शर्टाला शोभलं नसतं, म्हणून त्यानंही मान हलवली. हलगी वाजली. साक्षीनं कंबर धरून तिला उचलून टाकलं, आणि त्याच क्षणी शिवांजलीच्या अंगानं डोक्याला न विचारता आपलं काम केलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात सपकन मातीवर, आणि पाठ मऊसूत जमिनीला.

आता कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, हे या भागात पाळण्यातलं पोरही सांगेल. पाठ टेकू नये म्हणून पैलवान मान मोडेस्तोवर धडपडतो, आणि या पोरीनं आपणहून, टाळी वाजवून पाठ टेकली. हसून हसून लोकांच्या टोप्या पडल्या. शिवांजली मात्र साक्षी सावरायच्या आत उठून उभी होती, अंगावरची माती झटकत.

"पडलो तरी नाक वर," कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

मानसिंग तिला बखोट धरून घरी घेऊन गेला. "वरीसभर म्हाताऱ्याकडं ह्येच शिकलीस व्हय? गावात तोंड दावाय जागा ठिवली न्हाईस." तिला फार वाईट वाटलं, पण ते बापाच्या उतरलेल्या तोंडासाठी. रात्री अंथरुणावर तिनं डोकं चाचपलं, मान फिरवून पाहिली. कुठंच काही दुखत नव्हतं. साक्षीनं तिला सगळ्या गावादेखत आपटलं होतं आणि तिचं काहीच बिघडलं नव्हतं. तिला बाजेंची इतकी आठवण आली, की सुलाकाकीच्या कुशीत तोंड खुपसून ती रडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. साक्षी तिला नळापाशी ढकलायची. ही पडायची, उठायची आणि बाटली भरायची. साक्षी परत ढकलायची, ही परत उठायची. रडत नाही, पळत नाही, चाडीही करत नाही, असल्या पोरीला पाडण्यात गंमत ती काय उरणार? हळूहळू पोरी हसायला लागल्या आणि एक दिवस साक्षीच्या ध्यानात आलं, की त्या आपल्यालाच हसतायत. त्यानंतर तिनं ढकलणं सोडून दिलं.

दिवाळीच्या पुढं साक्षी एकदा वाटेत उभी राहिली. कोपर सुजून टम्म झालं होतं.

"तुजं डोकं कसं आपटत न्हाई गं?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

साक्षी मान खाली घालून बोलली. तालमीत पाठ टेकली की बापू, म्हणजे नाथाजी, ओल्या पंच्यानं मारतो. म्हणून पडताना ती अंग पिरगाळायची आणि कोपरावर पडायची. आता तिला हौद्यात उतरायचंच भ्या वाटत होतं. नाथाजीच्या पोरीला कुस्तीचं भ्या, हे सांगायचं कुणाला?

शिवांजली काही संत नव्हती. तोंडात कोंबलेली माती तिला अजून आठवत होती. ती सरळ चालायला लागली, थोडं पुढं गेली आणि वळून म्हणाली, "आधी माजं नाव घे."

साक्षीनं पायानं वाटेतला खडा उडवला. मग म्हणाली, "शिवांजली. मला शिकीव की."

सुलाकाकीच्या ऊस तुटून गेलेल्या रानात पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा, ढीग होता. त्यावर जुनी वाकळ टाकून दोघी रोज शाळा सुटल्यावर पडायला लागल्या. एक म्हणायची "ऊठ", दुसरी म्हणायची "फेरि". अंगभर पाचटाची कुसळं घेऊन घरी जायच्या आणि बोलणी खायच्या. मारायचं काय शिकायचं, हे शिवांजली त्या नादात विसरूनच गेली.

पुढच्या जत्रेत साक्षीची कुस्ती कराडकडच्या पोरीशी लागली. चांगली रंगली. शेवटी त्या पोरीनं ढाकेचा डाव टाकला आणि साक्षी उताणी पडली. कोपर वाकडं नाही की मान पिरगाळली नाही, व्यवस्थित पाठ टेकली आणि ती उठली. नाथाजी पंचा आवळत मैदानात आला. साक्षीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "बापू, लागलं न्हाई. म्होरल्या साली हिला पाडती."

नाथाजीच्या हातातला पंचा हातातच राहिला. उभ्या हयातीत त्यानं हरून असं बोलणारं पोर बघितलं नव्हतं. दोनदा तरी त्याची स्वतःची मान जायबंदी झाली होती, ती पाठ टेकू नये म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाकाकीच्या रानात ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत पाचट गच्च भरलेलं. नाथाजी खाली उतरला. मागं साक्षी आणि तालमीजवळच्या आणखी दोन-तीन पोरी.

"कुटं वतायचं ह्ये?" त्यानं विचारलं.

शिवांजलीनं जागा दाखवली. पाचट पसरलं, वर वाकळ पडली. नाथाजीनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "दाव बगू, ते कसं करतीस."

शिवांजलीनं हनुवटी छातीला टेकवली आणि मागच्या मागं अंग टाकलं. तळहात सपकन वाजला. ती उठून उभी राहिली.

ज्यानं आयुष्यभर पोरांना पाठ टेकली की मेलास म्हणून सांगितलं, तो नाथाजी पैलवान वाकळेवर उमटलेला तिच्या पाठीचा ठसा कितीतरी वेळ निरखत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "परत एकदा दाव, शिवांजली."

आणि शिवांजली हसत हसत परत पडली.