आईला उठता येईल अशी गाडी

रेजिना गेल्याचा तिच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी बोळिंजच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडत होते. "मावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. आजार माहीत होता, तरी मला आधी तिचा रागच आला... मला न विचारता ही बाई आयुष्यभर मनाचंच करत आली होती.

वसईच्या गावात आमची घरं शेजारी. तिच्या वडिलांची केळीची वाडी होती. वाडीतला पंप बंद पडला की वडिलांनी मेकॅनिकला बोलवायच्या आत रेजिना तो उघडून बसायची. दर वेळी दुरुस्त व्हायचाच असं नाही. एकदा केळी तहानलेली राहिली आणि तिनं आईचा मार खाल्ला. पुढे ती इंजिनिअर झाली, कारखान्यात उमेदीची वर्षं घातली आणि मोटारी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची प्रमुख झाली. पेपरात तिचा फोटो आला की मी शाळेत मिरवायचे. शिक्षिकेला एवढी मोकळीक असते.

प्रमुख झाल्यावरही तिची एक खोड होती. नवी गाडी बाजारात येण्याआधी ती रविवारच्या मिस्सेनंतर गावात आणायची आणि चर्चमधून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना एकेक करून आत बसवायची. गाडीचा आकार कुणाला कळू नये म्हणून तिच्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला असे. तो बघून एकदा तिची आई कळवळली. "पोरी, रंगाला पैशे नाय राहिले का कंपनीकडं?"

आम्ही हसलो. मग आई मागच्या सीटवर बसली आणि तिला उठताच येईना. सीट खोल, गुडघे दुखरे. दोन इंजिनिअरांनी काखेत हात घालून तिला बाहेर काढलं. लुगडं सावरत ती म्हणाली, "गाडी चांगली हाय. मी आपली रिक्षानं जाईन." रेजिना मात्र हसली नाही.

सीट उंच करायची म्हणजे छत उंच, दरवाजे नवे, आणि गाडी कित्येक महिने लांबणीवर. संचालकांनी बजावलं, वेळेवर आणा, नाहीतर प्रमुखपदाची मुदतवाढ विसरा. विजेवरची छोटी गाडी काढायचं तिचं स्वप्न त्या मुदतवाढीवरच अवलंबून होतं. मी फोनवर चिडले. "आईसाठी रिक्षा ठेव. खुर्ची कशाला सोडतेस?"

"आई एकटीच म्हातारी होणार आहे का, सुनंदा?"

उंच सीटची गाडी उशिरा आली. पेपरवाल्यांनी उंच छतावरून गाडीला 'डबा' म्हटलं. रेजिनाला मुदतवाढ मिळाली नाही आणि आई तर गाडी यायच्या आधीच गेली... रेजिना गावी परतली. विजेच्या गाडीचं तिला फार वाईट वाटायचं. सीटबद्दल एकदाही नाही.

गेल्या रविवारी रेजिनाला जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेला जायला माझ्या नातवानं मोबाईलवरून टॅक्सी मागवली. आला तो डबाच. चर्चपाशी उतरताना मी सवयीनं आधारासाठी हात पुढे केला, ड्रायव्हर धावत आला. पण तोवर मी रस्त्यावर उभी होते. दार धरून तिथंच रडायला लागले.

"मावशी, गुडघा दुखतोय का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "अजिबात दुखला नाही."