तुझं तू, माझं मी

सकाळी फिरून झालं की मी आणि माझी मैत्रीण शालू कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खातो आणि आपापले पैसे देतो. काल सोबत माझा भाचा होता, नुकताच लंडनहून आलेला. वेटरने सवयीने बिल त्याच्यापुढे ठेवलं, तरी आम्ही दोघींनी पर्स उघडल्या. तो हसला. "मावशी, तुम्ही तर चक्क गो डच करता!"

डच म्हणजे हॉलंडचे लोक ना? त्यांचा आमच्या इडलीशी काय संबंध? तो म्हणाला, एकेकाळी समुद्रावरच्या व्यापारात इंग्रजांचं आणि डचांचं हाडवैर होतं. त्याच रागातून म्हणे इंग्रजांनी कंजुषीला त्यांचं नाव चिकटवलं. भांडण मिटलं, टोमणा राहिला.

नको बाबा मला तो शब्द. शेजाऱ्याला नावं ठेवल्याशिवाय ज्यांना स्वतःचा चहासुद्धा गोड लागत नाही, त्यांनी तो वापरावा. आम्ही कॉलेजपासून टीटीएमएम म्हणतो, तुझं तू माझं मी. त्यात कुणाची टिंगल नाही, आणि मान आधी 'तू'ला. शिवाय ज्याला अहो-जाहो करतो, त्याला हे म्हणून बघा! जीभच रेटत नाही. तिथे आपण बिलावर झडप घालतो आणि "छे छे, मीच देणार" म्हणत हातघाईवर येतो.

शालूने भाच्यापुढचं बिल ओढून घेतलं.

"तुझ्या इडलीचे तू दे रे," ती म्हणाली. "तू काय पाहुणा आहेस?"