टेपवाली गिरजाबाई

आसगावच्या गिरजाबाईला लोक टेपवाली बाई म्हणत. सहा वर्षं दर सोमवारी सकाळी ती गावातल्या अकरा विहिरींत टेप सोडायची, पाणी किती खोल गेलं ते वहीत लिहायची आणि मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तिच्याच आकड्यांवर गावानं ठराव केला होता : उन्हाळी धानासाठी कोणी बोअर मारायची नाही; कमी पाण्यात येणाऱ्या हरभरा-लाखोळीवर भागवायचं. सभेत पहिला हात वर केला शेजारच्या डोमानं. विहिरी मोजायलाही तो सोबत यायचा. सात नंबरची विहीर कधीच आटत नाही, हे तिनंच त्याला कौतुकानं सांगितलं होतं.

यंदा जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी ती पंधरा दिवस पवनीला राहिली. परतल्यावर मोजलं, तर सात नंबर चार हात खाली. चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा टेप सोडली. तेवढंच.

मग तिला विहिरीलगतच्या डोमाच्या धानाच्या बांधीत पाणी दिसलं. तणसाच्या ढिगामागे मोटार चालू होती.

"डोमाभाऊ, हे काय?"

"दोन पोरं शिकून राहिले, वयनी. एका पिकात नाही भागत."

"आन् जागा कोणं दाखवली?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्याच वहीनं."

बोअरची गाडी दीड दिवस घरघरत होती. साऱ्या गावानं ऐकली, पण तिला फोन एकानंही केला नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं. नत्थू म्हणाला, "माहीत होतं मले. सांगतलं असतं तं तू पोरीले सोडून धावत आली असती."



सभेत तिनं ठराव वाचून दाखवला. सरपंच म्हणाले, "मारली तं मारली, बाई. आता का बुजवायची?" सभा पुढच्या विषयावर गेली. महिन्याभरात आणखी तीन बोअर झाल्या. गिरजाबाईचं मोजणं सुटलं नाही; पण फळ्यावर लिहिणं तिनं बंद केलं आणि वही कोणाला दिसू नये म्हणून पेटीत ठेवू लागली.

मेमध्ये आठ विहिरी कोरड्या पडल्या, उरलेल्या तीन तळाला लागल्या. धान घरात आलं होतं, म्हणून डोमानं बोअरचं पाणी गावाला खुलं केलं. बाया म्हणू लागल्या, "देवमाणूस हाय!" गिरजाबाईलाही पाण्याचा गुंड घेऊन तिथंच रांगेत लागावं लागलं.

"वयनी, तुम्ही समोर या," डोमा म्हणाला.

"माझ्याआधी चौदा बाया हायेत. त्यांचं होऊ दे."

तिचा नंबर लागला तेव्हा धार बोटभर उरली होती. डोमाकडे न पाहता तिनं गुंड खाली धरला.