कॅमेरा टाक आणि पळ

स्वस्तातल्या सिनेमांबद्दल माझी मतं ठाम होती आणि कुणी विचारायची वाट न बघता मी ती सांगत असे. फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगखालीच सीडीचं दुकान होतं. शनिवारी नवरा ऑफिसातून यायच्या आत मी दोन सिनेमे आणून ठेवायची, एक प्रेमाचा आणि एक भुताचा. मोठ्या नटांचे सिनेमे सगळ्यांनीच बघितलेले असत, त्यात माझ्या मताला कोण विचारणार? ज्यांतल्या नटांची नावंही कुणाला ठाऊक नसत, तिथं मीच जाणकार होते.

प्रेमाच्या सिनेमात नायकाकडे दोनच शर्ट असायचे आणि नायिकेपेक्षा तिची मैत्रीण दिसायला बरी असायची. पाऊस पाइपचा आणि मागे लख्ख ऊन. पण एक गोष्ट ते सिनेमे बरोबर दाखवत असं माझं मत होतं. नवऱ्याचं लक्ष दुसरीकडे लागलंय हे बायकोला सगळ्यांच्या आधी कळतं, खुद्द नवऱ्याच्याही आधी.

भुतांच्या सिनेमात तेव्हा एक नवा प्रकार आला होता. पोरापोरींचा घोळका पडक्या बंगल्यात जातो, सगळं स्वतःच्याच कॅमेऱ्याने टिपतो आणि बेपत्ता होतो. पुढे ती टेप कुणाला तरी सापडते आणि आपण तीच बघतोय, असं सोंग. चित्र सारखं हलायचं, कॅमेरा धरणारी दिसायची नाही, नुसत्या तिच्या धापा ऐकू यायच्या. भूतही शेवटपर्यंत दिसत नसे, बहुतेक त्याचा मेकअप परवडत नसावा. मला भीती वाटायची नाही, राग यायचा. समोर मरण उभं आहे आणि ही बया शूटिंग करत बसलीय. मी टीव्हीलाच सांगायची, "अगं, कॅमेरा टाक आणि पळ." नवरा दर वेळी हसायचा. आमच्या घरात त्याला हसवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यात मला भागीदार नको होती.

भागीदार होती, होळी गावाला.

होळीला नवऱ्याचं मूळ घर. केळीची, भाजीची वाडी, विहीर, आणि तिथं सासू-सासरे नि धाकटा दीर. शेजारच्या वाडीतली एक मुलगी नवऱ्याबरोबर लहानाची मोठी झाली होती. लग्न होऊन ती जवळच्या गास गावी गेली, पण सणावाराला माहेरी आली की आमच्याकडे डोकावल्याशिवाय राहत नसे. येताना एकटीच यायची. तिचा नवरा मी कधी बघितला नव्हता आणि त्यावरून मी माझे तर्क बांधून ठेवले होते.

ती सुंदर असती तर मी समजून घेतलं असतं. दिसायला ती चारचौघींसारखी, केसांना चप्प तेल. पण तिच्याशी बोलताना माझा नवरा बदलून जायचा. मी रत्नागिरीकडची, मला त्या घरातली बोली अर्धी कळायची आणि बोलायला तर मुळीच यायची नाही. माझ्याशी तो ऑफिसात बोलतो तसं बोलायचा, इस्त्री केलेलं. ती ओट्यावर येऊन बसली की त्याच्या तोंडचा 'ण' पळून जायचा. पानी, लोनी, कोन आला, कोन गेला. ती दोन शब्द बोलायची आणि तो पोट धरून हसायचा. काय झालं म्हणून मी विचारलं की म्हणायचा, काही नाही गं, जुनं आहे. त्या 'जुनं'त मला जागा नव्हती. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी साधा, पोटात दुखणारा हेवा. परतताना मी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसायची आणि त्याला वाटायचं, मला गाडी लागते.

दिराचं लग्न ठरलं, तेव्हा नणंदेच्या यजमानांनी आखातातून एक छोटा कॅमेरा आणला. लग्नासाठी शूटिंगवाला सांगितला होता, पण मांडव आणि हळद कोण टिपणार? मी पुढे झाले. शूटिंगवाले नवरा-नवरीला बदामात बसवतात, वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडतात, तसलं काही मी करणार नाही, जे आहे तेच दाखवीन, असं मी सगळ्यांना ऐकवलं. कुणी हरकत घेतली नाही. पिक्चरची जाणकार म्हणून माझी कीर्ती होळीपर्यंत पोचली होती.

सकाळी बायका वाजतगाजत मांडवासाठी उंबराची फांदी आणायला निघाल्या, मी कॅमेरा घेऊन मागोमाग. तिथं ती होतीच, पिवळ्या साडीत. दुपारी हळद लागली. हळदीत सगळेच सगळ्यांना माखतात, नात्यातले काय नि शेजारचे काय, तिथं कुणी कुणाला अडवत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी विहिरीपाशी तिने माझ्या नवऱ्याच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि त्याने मान मागे टाकून हसून घेतलं, तेव्हा मी केळीच्या पानांआड सरकले. मी कॅमेरा मात्र घट्ट धरून ठेवला. हातात कॅमेरा असलेल्या बाईला कुणी विचारत नाही की तू तिकडे का बघतेस.

लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी प्रसाद झाला आणि सगळी मंडळी पुढच्या खोलीत जमली. दिराने कॅमेऱ्याच्या वायरी टीव्हीला जोडल्या. ती दाराशी बसली होती. मीही ऐटीत खुर्ची घेतली.

सुरुवातीला वाजंत्री, उंबराची फांदी, बायकांची नाचगाणी. मग दिराला पाटावर बसवलं, पहिली हळद लागते न लागते तोच चित्राला हिसका बसला आणि ते विहिरीकडे गेलं. पिवळी साडी. मग ती जवळ आली, आणखी जवळ आली. पुन्हा दीर, नुसता खांदा. पुन्हा पिवळी साडी. केळीच्या पानांआडून पिवळी साडी आणि नवऱ्याचं हसणं. आणि या सगळ्यावर कुणाच्या तरी धापा. माझ्याच होत्या. माइक तोंडाजवळ असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग आवाज आला, स्पष्ट, माझा, दात आवळून बोललेला: "आता हात कशाला लावायला हवा? झाली ना हळद लावून."

नवरा फरशीकडे बघत होता. सासूबाई अगदी भोळेपणाने म्हणाल्या, "अगो सूनबाय, आमचा नवरदेव कुठं हाय यात?" दीर खाकरला. टेप बंद करायला कुणी उठलं नाही, आणि ती चालतच राहिली. पिवळी साडी घाम पुसताना, ओट्यावर एकटीच जेवताना, कुणी बोलत नसताना उगीच इकडेतिकडे बघताना. हे सगळं मी टिपलं होतं आणि टिपताना मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

आता ती उठून जाईल किंवा चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. ती टीव्हीकडे बघतच राहिली. टेप संपल्यावर हळूच म्हणाली, "माझ्याकडं एवढं कोनी कधी बघितलंच नाय, वहिनी." त्यात टोमणा नव्हता. मी शोधून बघितला. मग तिने विचारलं, या टेपची एक कॉपी मला मिळेल का?

त्या क्षणी माझा हेवा विरघळला असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण तो होता तिथंच राहिला, फक्त त्याच्या शेजारी लाज येऊन बसली. घरी जाताना नवरा रागावला नाही, काही बोललाही नाही. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखे दोन सिनेमे आणले. भुताच्या सिनेमात ती पोरगी कॅमेरा घेऊन धापा टाकत जिना चढायला लागली. नवरा माझ्या वाक्याची वाट बघत होता. शेवटी त्यानेच टीव्हीला सांगितलं, "कॅमेरा टाक आणि पळ."

"नाही टाकता येत तिला," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, कॉपी तयार झालीय, उद्या गासला जाऊन देऊन येतो. मी बरं म्हटलं. सकाळी तो टेप घेऊन खाली उतरला, तेव्हा मी चपला घालून गेटपाशी उभी होते.