उकळीवरची बाळंतीण

"गरम पाण्याचे झरे बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्या नळालाच येतं की!" असा घरचा आहेर देऊन आमच्या ह्यांनी मला सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून निरोप दिला. मी कानाआड केलं. सरूबाई भोईण मला मंडईत वर्षानुवर्षं मासळी देते, आणि तिच्या गावच्या तळ्यात उकळ्या आहेत हे तिनंच सांगितलेलं. एकदा या की बघायला, म्हणायची. उकळी म्हणजे उकळतं पाणी, हे माझं मीच ठरवून टाकलं. गरम कुंडात पुरचुंडी सोडून लोक भात शिजवतात असं ऐकून होते, म्हणून चांगला आंबेमोहोर फडक्यात घट्ट बांधून बरोबर घेतला.

एसटीनं फाट्यावर सोडलं. पुढं सगळी पायपीट. तो मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झालेली, वळवाचा एखादा शिडकावाही पडून गेलेला, पण ऊन असं की डोक्यावरचा पदर भाजावा. बाभळीखेरीज सावली नाही. त्यात चपलेचा अंगठा तुटला. सरूबाईला आणि स्वतःलाही मनातल्या मनात शिव्या घालत एक टेकाड चढले, आणि समोर पाणी!

मी जागीच थांबले. तिन्ही बाजूंना बोडके माळ आणि मधोमध निळंशार तळं. काठाला लव्हाळी, त्यात बगळे. माणसाचा मागमूस नाही. ऐकायला कुणी नव्हतं तरी मी मोठ्यानं "अगंबाई" म्हणाले. इतकी वर्षं सोलापुरात काढली, पण असं काही आपल्या जिल्ह्यात असेल हे कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

टेकाड उतरून काठानं वळले, तर लव्हाळीआड सरूबाई झोपडीपुढचं अंगण सारवत होती. मला बघून हरखली आणि लगेच ओशाळलीही. मी नेमकी नको त्या दिवशी टपकले होते. तिच्या मुलीला, हिराला बघायला भीमाकाठची माणसं येणार होती. तीही भोयांचीच. मी परत निघाले, तर सोडायला तयार नाही. बसल्या बसल्या तिनं आपली अडचण सांगितली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्याच्या ताटात आपल्या पाण्यातला मासा पडलाच पाहिजे, असा त्यांच्यातला रिवाज. मासा नाही म्हणजे घराचं पाणी सरलं, आणि अशा घरची पोर कुणी करत नाही. दुष्काळात हिराला आलेलं पहिलं स्थळ याच अंगणातून उठून गेलं होतं. हिरा आत पाट्यावर वाटण वाटत होती. मधेच हात थांबवून तळ्याकडं बघायची.

तिचे वडील, कोंडिबा, पहाटेपासून पाण्यात होते. ते रिकामं जाळं घेऊन काठाला लागले तसं सरूबाईनं त्यांना पुन्हा पिटाळलं, वर मलाही बरोबर दिलं. इथली नाव म्हणजे काहील (गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती कढई). बसले आणि ती जी गरागरा फिरली, मला आठवतील तेवढे देव आठवले.

पलीकडच्या खडकाखाली कोंडिबांनी काहील थांबवली आणि खाली बोट दाखवलं. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती, आणि ती वाळू नाचत होती! खालून पाणी उसळायचं, बुडबुडे वर यायचे. मी घाईनं पुरचुंडीला दोरी बांधली आणि भाजू नये म्हणून हात लांब करून ती पाण्यात सोडली. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी भाताचं सांगितलं.

"हात घालून बघा की, बाई."

घातला. हाडापर्यंत गार! उकळी म्हणजे खालून उसळणारा झरा. तिला विस्तव ठाऊकच नाही. कोंडिबा इतके हसले की काहील हिंदकळली. मग मीही हसले. दुष्काळात सगळं तळं भेगाळलं, तेव्हाही ही उकळी थांबली नव्हती, असं ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले.

तेवढ्यात पाण्यावर काहीतरी लाल हललं. कुंकवाची पिंजर सांडावी तशी, नखाएवढ्या माशांची दाटी. आणि त्यांच्या खाली, हातभर लांब, काळीभोर मरळ! पिलं सरकली की तीही सरके. मासा टोचायची बरची कोंडिबांच्या पायाशीच होती. त्यांनी ती उचलली. काठावर झोपडी दिसत होती. त्यांनी तिकडं बघितलं, मग बरची खाली ठेवून वल्हं घेतलं.

"बाळंतीण हाय ती," ते म्हणाले.

खरं सांगते, मला राग आला. पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि हे माशाचं बाळंतपण काढतात! मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी काहील काठाकडं वळवली.

दुपारी मुलाचे आईबाप आले. माझ्या भिजलेल्या तांदळाचा भात आणि पिठलं, एवढंच ताटात. मुलाच्या बापाचा हात ताटावरच थांबला. तळ्याला मासा नाही का, असं त्यांनी विचारलं. सरूबाईनं पिठल्याचं भांडं पुढं सरकवलं. कोंडिबाच म्हणाले, "हाय की. उकळीवर मरळ हाय. पिलं घिऊन हाय, म्हून आनली न्हाय."

मुलाचे वडील ताटावरून उठलेच. संपलं, असं मला वाटलं. पण त्यांनी कोंडिबांना काहील काढायला सांगितली. दोघं गेले. आम्ही बायका ताटं झाकून बसलो, कुणी कुणाकडं बघेना.

परत आले ते पाहुणे बसलेच नाहीत. खाली मान घालून कोंडिबांना म्हणाले, "दुष्काळात आमी मारली, पिलं असताना. तवापासनं आमच्या डोहात मरळ न्हाय." मग मान वर करून म्हणाले, "तुमची पोर आमाला द्या."

सरूबाईनं तोंडाला पदर लावला. मुलाच्या आईनं हिराला बाहेर बोलावून जवळ बसवलं आणि ताटावरचं झाकण काढलं. पाहुणे पिठलं-भात पोटभर जेवले.

उन्हं कलल्यावर हिरा मला टेकाडापर्यंत सोडायला आली. मी तिच्या वडलांचं कौतुक करू लागले, सकाळी त्यांच्यावर चिडले होते तेही सांगून टाकलं. ती खाली बघत म्हणाली, "मावशी, म्या पहाटं उकळीवर पानी आनाय गेलते, तवाच दिसली व्हती मला ती, पिलं घिऊन. आबाला सांगितलं न्हाय."

एवढं बोलून ती लगबगीनं माघारी वळली. पुढं एसटी येईपर्यंत मी फाट्यावर बसून रडले.