काकूंना आलेलं खबऱ्याचं पान

आमच्या समोरच्या काकूंइतकं खरं बोलणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही, आणि पुन्हा पाहावं अशी फारशी इच्छाही नाही. खरं बोलणं हा सद्गुण आहे असं शाळेत शिकवतात. काकूंच्या समोर तीन वर्षं राहिल्यावर माझं मत असं झालं की सद्गुण असेलही, पण तो दोन इमारती पलीकडे राहायला असावा. नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला मुलाबाळांसकट चंदीगडला घेऊन गेली. सेक्टर एकोणपन्नासमधल्या एका सोसायटीत भाड्याचा फ्लॅट मिळाला. हमाल सामान चढवत होते तोच समोरचं दार उघडलं आणि सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडीवर खेळाचे बूट घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. आमच्या बडबडीवरून आम्ही मराठी आहोत हे त्यांनी ओळखलं होतं. परमुलखात आपलं माणूस भेटल्यावर लोक डोळ्यांत पाणी आणतात. काकूंनी आमच्या सोफ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा ह्या दारातनं जायचा नाही. आणि गेला तरी चांगला दिसायचा नाही." सोफा दारातून गेला नाही. पुढे त्याचा एक हात कापून तो आत घेतला, आणि तो चांगलाही दिसला नाही.

काकू मूळच्या कोल्हापूरकडच्या. तिकडच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी खातो" असं बोलायच्या, आणि चाळीस वर्षं हवाई दलातल्या नवऱ्याबरोबर देशभर फिरूनही ती सवय गेली नव्हती. उलट ती त्यांनी हिंदीतही नेली. "मैं कल भी आया था, तुमने मेरे को बुढ्ढा भेंडी दिया," हे वाक्य भाजीवाल्याला तोंडपाठ झालं होतं. काका निवृत्त झाल्यावर इथले रस्ते सरळ आहेत म्हणून इथेच राहिले आणि दोनच वर्षांत गेले. काकू मागे राहिल्या. पुण्याचा मुलगा दर आठवड्याला फोन करून "आई, कधी येतेस कायमची?" असं विचारायचा. काकू सांगायच्या, "तुझ्या घरात मला कंटाळा येतो रे." तिकडे फोन स्पीकरवर असायचा आणि सूनबाई शेजारी बसलेल्या असायच्या. काकूंना हे माहीत असायचं.

एकदा हिवाळ्यात त्यांच्याकडे मटार सोलत बसले होते. माझा मोबाईल वाजला. नवऱ्याच्या एका बोलघेवड्या आतेबहिणीचा फोन होता. माझे हात गुंतलेले, म्हणून मी काकूंना खुणेनं सांगितलं, नाही म्हणून सांगा. काकूंनी फोन घेतला. "आहे की. इथंच बसलीय मटार सोलत. पण नाही म्हणून सांगा म्हणते." ती आतेबहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही, त्यामुळे काकूंचे उपकार मानावे की काय हे मला ठरवता आलेलं नाही. सेक्टर सतरातल्या दुकानात तर एका अनोळखी बाईनं नवीन सूट अंगाला लावून आपल्या नवऱ्याला विचारलं, "मोटी तो नहीं लगती?" नवरा शहाणा होता. तो "बिल्कुल नहीं" म्हणाला. मागून काकू म्हणाल्या, "लगता है." मी काउंटरखाली जागा शोधत होते. पण त्या बाईनं सूट बदलला, दुसरा घेतला आणि जाताना काकूंच्या पायाला हात लावला. तिच्या नवऱ्यानं मात्र आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही चहा न पिता परत आलो.

अशा बाईच्या आयुष्यात लबाडीवर चालणारा खेळ यावा, हा निव्वळ योगायोग. आमच्या इमारतीत तळमजल्यावर तीन मुली भाड्यानं राहायच्या. हरलीन भटिंड्याकडची, शिवानी हिमाचलातली, मेघा हरियाणातली. कॉलेज जवळच्याच खरड गावात, तिथे फ्लॅटही स्वस्त. पण घरच्यांना पत्ता चंदीगडचा हवा होता म्हणून बिचाऱ्या रोज बसनं जा-ये करायच्या. एका रविवारी दुपारी काकूंनी त्यांना, "तुम लोग नीट खाते नहीं, चेहरे पे दिखता है," असं सांगून जेवायला बोलावलं. जेवणानंतर हरलीननं पिशवीतून एक खोका काढला. तुरुंगातून पळून जायचा खेळ होता तो. पटावर कोठड्या, भिंत, पहारेकरी. आपण सगळे कैदी. सगळ्यांनी मिळून दोरी, किल्ली, गणवेश अशा वस्तू जमवायच्या आणि पहारेकऱ्याला चुकवून बाहेर पडायचं. गोम एवढीच, की सुरुवातीला प्रत्येकाला एक पान पालथं मिळतं आणि त्यातलं एक खबऱ्याचं असतं. ज्याला ते आलं त्यानं गोडीगुलाबीनं सगळ्यांबरोबर राहायचं आणि ऐन वेळी बाकीच्यांना पकडून देऊन एकट्यानं सुटायचं.

पानं वाटली गेली. काकूंनी आपलं पान उचलून चष्म्याजवळ धरलं आणि पटावर उताणं टाकलं. "मला खबऱ्या आलाय. माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नका." हरलीननं समजावलं, "आंटीजी, ये छुपाना होता है." काकू म्हणाल्या, "तो झूठ बोलूँ?" पानं पुन्हा वाटली. ह्या खेपेला त्यांना साधं पान आलं. तेही त्यांनी सांगितलं. मग उरलेल्यांतच कोणी तरी खबऱ्या आहे हे उघड झालं आणि मेघाचा चेहरा पडला. तो डाव तिथेच संपला.

दोन-तीन रविवार असेच गेले. शेवटी हरलीन म्हणाली, "आंटीजी, आप झूठ मत बोलो. बस चुप रहो." काकूंनी तिच्याकडे बघितलं, पट बाजूला सारला आणि सगळ्यांना चहा केला. बुधवारी सकाळी माझी घंटा वाजली. दारात काकू. "पटलं मला," त्या म्हणाल्या. "गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे." तीन दिवस त्यांनी ह्या एका वाक्यावर घालवले होते. त्यानंतर काकू जोरात खेळायला लागल्या. पान बघायच्या, पदराखाली ठेवायच्या आणि बजावायच्या, "मला विचारू नका. विचारलंत तर सांगावं लागेल." म्हणून त्यांना कोणी विचारायचं नाही. पण खबऱ्याचं पान येऊनही त्यांनी कधी कुणाला पकडून दिलं नाही. सगळ्यांना भिंतीबाहेर काढायच्या आणि स्वतः नियमाप्रमाणे हरायच्या. हरलीन वैतागायची. "खबऱ्याचं पान आलं म्हणून चुगली केलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" असं काकूंनी मला मराठीत विचारलं. मी भाषांतर केलं. हरलीननं नियमाच्या कागदावर बोट ठेवून कुठं लिहिलंय ते दाखवलं. काकूंनी वाचलं. "लिहू देत," म्हणाल्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोपर्यंत जानेवारी आला. एका दुपारी सोसायटीच्या मागच्या फाटकातून एक मुलगा आला, तळमजल्यावर तासभर बसला आणि गेला. कोणी तरी सेक्रेटरीला सांगितलं. आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त गृहस्थ. हाताशी वेळ भरपूर आणि नियमांची वही त्याहून जाड. 'भाडेकरू मुलींकडे मुलगे येता कामा नयेत' हा नियम त्यांनी स्वतः लिहिला होता. रविवारी सकाळी हिरवळीवर उन्हात खुर्च्या मांडल्या गेल्या. सेक्रेटरींनी आधी तिन्ही मुलींना एकेक करून ऑफिसात बोलावलं आणि प्रत्येकीला तेच सांगितलं: मुलगा कुणाकडे आला होता ते सांग, ती एकटी फ्लॅट सोडेल, बाकीच्या दोघी राहतील. तिघी एकेक करून बाहेर आल्या आणि खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्या. कुणीच नाव घेतलं नव्हतं. शिवानी नखं खात होती. फ्लॅट गेला असता तर तिचे वडील तिला सरळ गावी नेणार होते, हे तिनं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

मग माझी पाळी आली, कारण आमची आणि काकूंची बाल्कनी मागच्या फाटकावर उघडते. मी मुलाला पाहिलं होतं. तो शिवानीचा मित्र होता, हेही मला ठाऊक होतं. पण आदल्या संध्याकाळी नवरा म्हणाला होता, "आपण भाडेकरू आहोत, मार्चमध्ये करार संपतोय. तू मध्ये पडू नकोस." मी उभी राहिले आणि म्हणाले, "मैं अंदर थी जी, मैंने कुछ नहीं देखा." सेक्रेटरींनी मान डोलावली आणि काकूंकडे वळले. आवाजात समाधान होतं. "आंटीजी तो कभी झूठ नहीं बोलतीं. आंटीजी, आपने देखा?"

मी काकूंच्या कानाशी कुजबुजले, "भाऊ होता म्हणा ना." काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या उठल्या. "देखा मैंने. लडका आया था. एक घंटा बैठा, गया. किसका दोस्त है वो भी मेरे को मालूम है."

शिवानीनं डोळे मिटून घेतले.

"किसका?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वो मैं बताता नहीं."

हिरवळीवर कोणी तरी खोकलं. सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं, काकूंनी पुन्हा तेच सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "मग तिघींनाही महिनाअखेर फ्लॅट सोडावा लागेल." हे त्यांनी हिंदीत, सावकाश, वहीवर हात ठेवून सांगितलं. काकूंनी त्या वहीकडे बघितलं.

"छोडेंगी," त्या म्हणाल्या. "मेरे घर में तीन कमरे हैं. दो में मेरे मिस्टर के पुराने अखबार पडे हैं. वो आज निकालता हूँ. लडकियाँ मेरे घर रहेंगी."

"आंटीजी, किराएदार का रूल..."

"किराया कौन लेता है? मेहमान हैं. मेहमान का रूल दिखाओ."

सेक्रेटरी वही उलटत राहिले. काकू थांबल्या, पानं संपेपर्यंत थांबल्या, मग खेळाचे बूट वाजवत निघाल्या. मी मागे धावले. जिन्यात त्या वळल्या. "तू खोटं बोललीस," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, त्या मुलींसाठीच बोलले." त्यांनी कठड्याला धरून श्वास घेतला. "मुलींसाठी नव्हे गं. भाड्याच्या घरासाठी." आवाज चढलेला नव्हता. भेंडी जून आहे हे त्या जशा सांगायच्या तसंच सांगितलं. दुपारी काकांच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे खाली नेताना त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच संध्याकाळी उजेड असतानाच मुलींच्या गाद्या वर चढल्या. सोसायटीनं काकूंना नोटिसा पाठवल्या. काकू त्या वाचायच्या, हिंदीतल्या चुका पेनानं दुरुस्त करायच्या आणि परत पाठवायच्या. पुण्याहून फोन आला, "आई, हे काय चाललंय ह्या वयात?" काकू म्हणाल्या, "तीन पोरी राहायला आणल्यात. तुझ्याकडं येण्यापेक्षा हे बरं आहे." मुली दीड वर्ष तिथेच राहिल्या. तो मुलगा पुढच्याच रविवारी पुढच्या फाटकातून, सगळ्यांदेखत, काकूंच्या निमंत्रणावरून जेवायला आला. काकूंनी त्याला पहिल्याच घासाला सांगितलं की शिवानी तुझ्याहून हुशार आहे. त्यानं ते मान्य केलं, म्हणून तो पुढेही येत राहिला. शिवानी पास झाली, तिला नोकरी लागली, आणि तिच्या वडिलांनी येऊन काकूंना हात जोडले. त्यांना काय काय माहीत होतं कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही.

मग आमची बदली आली. टेम्पो खाली उभा होता. काकू शेवटपर्यंत दारात खुर्ची टाकून बसून होत्या आणि हमालांना चुका दाखवत होत्या. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "नाशिकला या एकदा." त्या म्हणाल्या, "येणार नाही. गुडघे चालत नाहीत आता. प्रवास झेपत नाही." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तू गेल्यावर मला करमणार नाही."

मी घाईघाईनं म्हणाले, "काकू, मीच येईन ना. दरवर्षी येईन. दिवाळीनंतर नक्की."

काकूंना सगळं दिसत होतं. नवीन गाव, मुलांच्या शाळा, नवऱ्याच्या रजा. मी वाट बघत होते की आता त्या म्हणतील, नाही येणार तू. त्यांनी तोंड उघडलंही. मग माझा हात हातात घेतला, दोनदा थोपटला आणि म्हणाल्या, "बरं. ये."

ह्या गोष्टीला आता चार वर्षं होतील. मी अजून गेलेले नाही.